विलायतेला न गेलेल्या मुलीची गावात नोंद होणेबाबत

दिनांक : ९ फेब्रुवारी २००४

प्रति,
मा. ग्रामसेवक साहेब,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजे वेळदरे,
ता. जुन्नर, जि. पुणे

विषय : अर्जदार परदेशात नसून गावीच राहत असल्याची नोंद होऊन, मयत वडिलांच्या नावचा आठवडे बाजारातील ओटा अर्जदाराच्या नावे होणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयातील लिपिकांनी वेळोवेळी दिलेली तोंडी उत्तरे.

अर्जदार : अफिफा तय्यब मणियार, वय २५, शिक्षण बी.एस्सी. (वनस्पतिशास्त्र), रा. बाजारपेठ, वेळदरे.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे वडील तय्यब मणियार यांनी आपल्या गावच्या गुरुवारच्या बाजारात जन्मभर बांगड्या भरल्या. त्यांना शेती नव्हती. घर पत्र्याचे, आणि बाजारातला दगडी ओटा ग्रामपंचायतीचा. अर्जदार ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिला सन २००० साली इंग्लंडमधील एका विद्यापीठाने पिकांच्या रोगांवरील उच्च शिक्षणासाठी प्रवेश दिला व निम्मी फी माफ केली. उरलेली निम्मी फी भरणे आणि वर्षभराचा राहण्या-खाण्याचा खर्च आधीच खात्यात दाखवणे, एवढ्याच दोन अटी होत्या. घर, माल आणि आईच्या अंगावरचे सगळे विकले असते तरी त्यातली एकही अट पुरी झाली नसती.

ही बातमी गावात समजताच त्याच वर्षीच्या पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर अर्जदाराचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ व घड्याळ देण्यात आले. तत्कालीन सरपंच सावळेरामआण्णा यांनी माइकवरून सांगितले, "तय्यबभाई, पोरगी आता तुमची एकट्याची न्हाई, गावाची हाय. पैशापायी ती अडायची न्हाई." टाळ्या झाल्या. अर्जदाराचे वडील खाली बसले होते, ते उठून सगळ्यांना हात जोडत राहिले. पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या दर्शनी भिंतीवर निळ्या रंगात 'इंग्लंडला उच्च शिक्षणासाठी रवाना झाल्याबद्दल कु. अफिफा मणियार हिचे हार्दिक अभिनंदन' असा मजकूर रंगवण्यात आला. त्या दिवशी अर्जदार घरी ज्वारी निवडत होती, ही बाब आपल्या निदर्शनास आणू इच्छिते.

त्यानंतर वडील बँकेत गेले. बँकेने तारण मागितले. "सातबारा आणा" म्हणाले. सातबारा नाही म्हटल्यावर जमीन असलेला जामीन आणा म्हणाले. मुंबईच्या एका ट्रस्टने उत्तर दिले की, बाकीची रक्कम उभी राहिल्याचे दाखवल्यास आम्ही थोडी मदत करू. बँक म्हणाली, ट्रस्टचे पत्र दाखवल्यास विचार करू. वडिलांनी दोन्ही पत्रे एकाच पिशवीत घालून सरपंचांचे घर गाठले. सावळेरामआण्णांनी चहा दिला. म्हणाले, "तय्यबभाई, स्टेजवर बोलावं लागतं. लगीन असतं तर पाच-पंचवीस जनांकडून उभं केलं असतं. शिकायला, ते बी पोरीच्या, लोक देत न्हाईत." वडिलांनी चहा पूर्ण प्यायला, कारण टाकून येणे बरे दिसले नसते. हे त्यांनीच घरी येऊन सांगितले.

सप्टेंबरात अर्जदार मुंबईस व्हिसा कार्यालयात गेली. खात्यात पुरेशी रक्कम नाही या कारणाने तिथे नकार मिळाला. परत येताना अंगात ताप भरल्याने ती घोडेगावी आत्याकडे उतरली व आठवडाभर तिथेच पडून राहिली. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी चिमाबाई नावाच्या आमच्या शेजारणीने बाजारात भरल्या गर्दीत विचारले, "तय्यबभाऊ, लेक गेली का?" तिच्या हातात बांगडी अर्धी चढली होती. वडील म्हणाले, "गेली."

एवढा एकच शब्द ते खोटे बोलले. पुढचे सगळे त्या शब्दाला जागण्यात गेले. अर्जदाराला गावी परत येता येईना. ती आत्याकडेच राहून शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली. वडील घोडेगावच्या बाजाराला आले की मुलीला भेटत आणि जाताना हळूच विचारत, "तिकडं आता थंडी असेल का गं? दिवस किती वाजता मावळत असेल?" विद्यापीठाने पाठवलेले माहितीपुस्तक अर्जदाराकडे होते. त्यातले पाहून ती सांगे. ते नीट ऐकून घेत आणि गुरुवारी ओट्यावर बसून गावाला सांगत की, पोरगी बरी हाय, बर्फ लई पडतोय म्हणते, दुपारी चारलाच अंधार होतो. बायका बांगड्या भरता भरता ऐकत. विद्यापीठाने वर्षभर जागा राखून ठेवली होती. वर्षाअखेरीस फी वाढल्याचे कळवले आणि त्यानंतर पत्र आले नाही. त्यापुढचा बर्फ अर्जदाराने मनानेच पाडला.

सन २००२ मध्ये दारिद्र्यरेषेचे सर्वेक्षण झाले. पथक दारात आले तेव्हा अर्धी आळी गोळा झाली होती. कुटुंबातील माणसे विचारल्यावर वडिलांनी मुलगी इंग्लंडला असल्याचे सांगितले. अर्जदाराची आई नूरबी दाराआडून म्हणाली, "सच बोल डालो, अब भी टैम है." वडिलांनी ऐकले नाही. ज्या घरची मुलगी विलायतेत शिकते ते घर गरीब कसे, असे म्हणून आमचे नाव यादीतून कमी झाले व पिवळे रेशनकार्ड गेले. पथकाची यात चूक नाही. विद्यापीठ परवडण्याइतके आम्ही श्रीमंत नव्हतो, आणि सरकारी गव्हाला लागतात तितके गरीबही उरलो नाही. वडील दुकानातून चढ्या भावाने धान्य आणू लागले. दम्याची गोळी एक दिवसाआड घेऊ लागले. आईने विचारले तर म्हणत, रोज घेतली की तोंड कडू पडते.

गेल्या डिसेंबरात वडील वारले. आत्याच्या शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला तशी अर्जदार पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने निघाली व मयत उचलायच्या आत घरी पोचली. अंगणात बायका बसल्या होत्या. चिमाबाई उठून जवळ आली, अर्जदाराच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "एका रातीत कशी गं आलीस? इमानानं आलीस व्हय?"

अर्जदाराने सांगितले, "घोडेगावहून आले. एस.टी.नं."

"आन ते बर्फाचं?"

"मीच सांगायचे त्यांना."

 चिमाबाई आत गेली आणि नूरबीच्या शेजारी बसून राहिली. बाहेर मात्र ही गोष्ट जनाजा निघण्याआधीच आळीभर झाली. पुरुष कब्रस्तानातून परतले तेव्हा त्यातले काही अर्जदाराकडे असे पाहत होते, जणू तिने त्यांच्याकडून काही उसने नेले आहे.

चाळिसावा होण्याची वाट न पाहता, घरात चूल पेटायला हवी म्हणून अर्जदाराने ओटा आपल्या नावे करण्यासाठी आपल्या कार्यालयात अर्ज केला. ओटा गावात राहणाऱ्या वारसालाच मिळतो, असा नियम आहे. लिपिकांनी दप्तर पाहून सांगितले, "तुमी परदेशात हायेत." समोर उभी आहे, असे अर्जदाराने सांगितले. "उभ्या असाल, पन नोंद तशी हाय. गेला न्हाईत याचा पुरावा आणा."

अर्जदाराने पासपोर्ट आणला. त्यावर कुठेही शिक्का नाही. लिपिक म्हणाले, "कोरा पासपोर्ट कुनाकडं बी असतो." मग विद्यापीठाचे पत्र आणण्यास सांगितले. अर्जदाराने पत्र टाकले. उत्तर आले की, या नावाची कोणी विद्यार्थिनी आमच्याकडे नसल्याने तिच्याविषयी काही माहिती देता येत नाही. ते वाचून घेऊन लिपिक म्हणाले, "यात तुमी वेळदऱ्यात व्हता असं कुठं लिवलंय?" आणि त्यांनी खिडकीतून बाहेर हात करून भिंतीवरचा निळा मजकूर दाखवला. तो पुसून टाकावा अशी विनंती केली असता, तो ग्रामनिधीच्या खर्चातून रंगवलेला असून ठरावाशिवाय पुसता येणार नाही, असे कळले. ठराव मासिक सभेत येईल. मासिक सभेपुढे विषय ठेवण्यासाठी अर्जदार गावची रहिवासी असल्याचा दाखला जोडावा लागेल.

साहेब, या अर्जदाराला इंग्लंडला पाठवण्यासाठी लागणारी रक्कम बँकेकडे नव्हती, ट्रस्टकडे नव्हती, टाळ्या वाजवणाऱ्या गावाकडे नव्हती. आपल्या दप्तराने मात्र तिला फुकट तिथे नेऊन ठेवले आहे व परत आणण्याचा खर्च तिच्याकडेच मागितला जात आहे. अर्जदाराची कोणाविरुद्ध तक्रार नाही. वडिलांनी जे सांगितले ते खोटे होते, हे ती लेखी कबूल करते. ते खोटे बोलले, कारण खरे ऐकायला त्या दिवशी गावाची तयारी नव्हती. खरे घेऊन ते आधीच सरपंचांच्या दारात बसून आले होते.

सबब विनंती की, अर्जदार गावीच राहत असल्याची नोंद घेऊन रहिवासी दाखला मिळावा, ओटा तिच्या नावे व्हावा, व दारिद्र्यरेषेच्या यादीत आईच्या नावाचा फेरविचार होण्यासाठी वर शिफारस व्हावी. भिंतीवरचा मजकूर राहिला तरी अर्जदाराची आता हरकत नाही. रंग आपणहून उडत चालला आहे.

गेल्या गुरुवारी अर्जदार आईला घेऊन बाजारात गेली होती. ओट्यावर कुलूपबंद पेटी ठेवून दुसऱ्या कोणी जागा धरली असल्याने दोघी खाली पोत्यावर बसल्या. दुपारपर्यंत कोणी थांबले नाही. मग चिमाबाई आली, समोर बसली आणि हात पुढे केला. अर्जदाराने मापाच्या हिरव्या बांगड्या काढून तिच्या हातात भरल्या. भरताना एक फुटली, तिचे पैसे घेतले नाहीत. त्यानंतर आणखी तिघी-चौघी आल्या.

येत्या गुरुवारीही अर्जदार तिथेच बसणार आहे. दाखला मिळो अथवा न मिळो, बाजाराची पावती फाडणारा माणूस तिच्याकडे न चुकता पाठवावा, व पावतीवर तिचे नाव घालावे.

कळावे.

आपल्याच गावची रहिवासी,
अफिफा तय्यब मणियार

सोबत :
वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत
ओट्याची जुनी पावती
पासपोर्टची प्रत
विद्यापीठाचे उत्तर, मराठी मतलबासह
श्रीमती नूरबी तय्यब मणियार यांचा अंगठा
चिमाबाई यांचा अंगठा (शेजारी या नात्याने, स्वखुशीने)