अंगठ्याखालचं उत्तर

बुधवार, ९ जानेवारी १९७४, संध्याकाळ

उद्या सुनेची, सुमनची, नोकरीची मुलाखत. आज तिने मला सामान्य ज्ञानाचं पुस्तक धरायला बसवलं. मी अक्षर जोडून प्रश्न वाचायचा आणि छापलेल्या उत्तरावर अंगठा ठेवायचा. उत्तरं येतात तिला, पण बोलते अशी की मुंगीलाही ऐकू जाऊ नये. मॅट्रिक झालेल्या बाईला भीती कशाची? मला चीडच आली.

एक प्रश्न निघाला. १९५६ च्या आधी मध्य प्रदेशाची राजधानी कोणती? सुमन पुटपुटली, "भोपाळ."

"चूक. नागपूर," मी म्हटलं.

"आई, अंगठा तर उचला आधी."

"काहून उचलू? तुहे सासरे सचिवालयात चपराशी होते. राजधानी गेली तेव्हा फायली त्यांनीच बांधल्या. साहेब म्हणे भोपाळले चल, मीच जाऊ देलं नाही."

मग अंगठा उचलला. खाली नागपूरच होतं. पुस्तकातलं काही मला आधीपासून ठाऊक असेल, असं कधी वाटलंच नव्हतं.

"उद्या माह्यासारखं असंच ठणकावून बोलजो वं. साहेब हसले तं हसू दे."

सुमनच हसली. म्हणाली, "पुढचं पान घ्या."

पुन्हा अंगठा ठेवला. हे उत्तर मला ठाऊक नव्हतं. तिला होतं, आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्यानं तिने दिलं.