पंपाचा आवाज

प्रिय छोट्या,

घाईघाईत लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. फोनवर हे जमलं नसतं. मी रडत राहिले असते आणि तू नुसतं हॅलो हॅलो करत बसला असतास.

बाबांच्या खोलीतली घड्याळं एका नाटकासाठी रेकॉर्ड करतेय, हे तुला सांगितलंच होतं. दुकान बंद केल्यावर घरी आणलेली अकराच्या अकरा, एक दुसऱ्याला जुमानेल तर शपथ! लहानपणी बाबा आपल्याला डोळे मिटायला लावून विचारायचे, यातलं आजारी कोणतं? तू दरवेळी चुकायचास आणि वर वाद घालायचास. मी ओळखायचे आणि मिरवायचे. त्याच कानांवर आज माझं पोट चालतं.

रोज दुपारी मी यंत्र लावते आणि खोलीबाहेर जाते, नाहीतर माझाच श्वास त्यात उतरतो. बाबा खुर्चीत असतात. पक्षाघातानंतर त्यांच्या तोंडून शब्द नाही, डॉक्टरांनीही आशा सोडलेली, म्हणून मी त्यांना खोलीतल्या सामानात धरलं होतं. लिहितानाही लाज वाटतेय. रेकॉर्डिंगमध्ये मागे कसलीशी घरघर यायची. शेजारचा पाण्याचा पंप असणार, असं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं आणि पुढचे सहा महिने नीट न ऐकताच ती इमानेइतबारे पुसत राहिले.

काल दिग्दर्शक म्हणाले, इतकं धुतलेलं नको, मूळचं द्या. हेडफोन लावून मूळ रेकॉर्डिंग ऐकायला बसले आणि पायाखालची जमीनच सरकली. पंप नव्हता रे. बाबा होते.

पहिल्या महिन्यात नुसतं 'छो... छो...'. वाटलं, भास झाला. पुढचं लावलं, त्याच्या पुढचं. तिसऱ्या महिन्यात 'छोट्या' पुरतं आलं. मग दमून थांबणं, आवंढा गिळणं, पुन्हा पहिल्यापासून. आणि परवा दुपारी, त्या टिकटिकीत, अडखळत पण स्पष्ट, "छोट्या, आलास? जेवून घे." एकवीस वेळा. मी आत आले की गप्प! हट्टीपणाला काही झालेलं नाही त्यांच्या.

'पुन्हा तोंड दाखवू नकोस' हे त्यांचं तुझ्याशी शेवटचं बोलणं. चार वर्षं तू ते धरून बसलास आणि मी तुझीच बाजू घेत आले. आता नाही घेणार.

रविवारी जेवायच्या वेळेला ये. तुला काही ठाऊक आहे, हे चेहऱ्यावर दिसू देऊ नकोस. आणि एवढं कर, दारातूनच बडबड सुरू करायची तुझी खोड त्या दिवशी घराबाहेर ठेव. माफी मागायची असली तरी आधी मागू नकोस. नुसता उभा राहा. पहिला शब्द यायला त्यांना वेळ लागतो, परवा पावणेदोन मिनिटं लागली. तेवढं थांब.

तुझीच,
ताई