सातवा सुरुंग

आबा,

परवा वाचनालयातून किल्ल्यांवरचं पुस्तक आणलं. नवरा गेल्यावर मी एकटीच अक्षरं जुळवत वाचायला शिकले, हे तुम्हाला ठाऊक नसणार. त्यात लिहिलंय, तोफा आल्या तसे उंच, पातळ तट ढासळू लागले. मग भिंती बसक्या, जाड केल्या, बुरूज गोल केले, मागे माती दडपली, वर आपल्याही तोफा चढवल्या. तरी तोफा वाढतच गेल्या आणि किल्ल्यांचे दिवस सरले. हे सांगायला पुस्तकाला शंभर पानं लागली. तुम्ही धारूरच्या तटाखाली भाकरी खाता खाता सांगितलं होतं.

त्या सकाळी तुम्ही तटातला खळगा दाखवलात. "हितं गोळा बसला. वरचा माणूस चिंध्या होऊन पडला असंल." तुमचा जोडीदार हसला, "पोरीला कावून भेव दाखवतो बे? तिचंच तोंड तोफेवाणी हाय." मग तुम्ही दोघं ओढ्यापलीकडच्या खाणीत उतरलात. सात भोकांत दारू ठासलीत, वाती पेटवून आडोशाला पळालात. किती उडाले ते मोजणं माझं काम. तुम्ही रोज बजावायचात, "आवाज मोजू नको माय, धुरळा मोज. तट आवाज परत फेकतो."

मी पाठ फिरवून खळग्यात हात घातला होता, एखादं हाड लागतंय का पाहत. मागे आवाज होत होते. सात झाले आणि मी ओरडले, "झाले!"

तुम्ही खाली गेलात, तेव्हा सातवा उडाला. तुमचा हात बाभळीत अडकला होता. चेहरा आईला कुणी दाखवलाच नाही.

काकांनी मला विचारलं. मी म्हणाले, "सात धुरळे पाहिले." म्हणजे जोडीदारानं न सांगता आठवं भोक भरलं, असं ठरलं. काकांनी त्याला खाणीतच लोळवलं, पहारेनं उजवा हात मोडला. तो रक्त थुंकत ओरडत होता, "सातच भरले! पोरीला पुन्ना इचारा!" मी पुन्हा तेच सांगितलं.

तो अजून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. काल इथवर लिहिलेला हा कागद त्याला वाचून दाखवायला गेले. डाव्या हातानं भाकरी कुस्करत होता. म्हणाला, "बस माय. तुझ्या बापानं आठवा कवा भरला, मला अजून उमगलं न्हाई."

मी कागद पदराखाली दाबला आणि त्याच्या ताटात कालवण वाढलं.

आबा, मी एकही धुरळा पाहिला नव्हता.