गोठ्यात आबांशी काय बोललात

बाई,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्हाला विचारायचं काही राहून गेलंय, हे मात्र मला आत्ता आत्ता कळलं. आमच्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीतले आम्ही काही जण रविवारी गावोगावच्या शाळांत जातो. सोबत इंजिनाचे सुटे भाग, साच्याची वाळू आणि विहिरीवरचा एक जुना पंप. मुलांनी हात लावावा, खोलावं, परत जोडावं, एवढाच कार्यक्रम. हे मी तुमच्याकडूनच उचललं. आपल्या शाळेच्या पटांगणात सतरंजी अंथरून तुम्ही कुणाच्या तरी मळ्यातला बंद पंप मांडला होतात आणि अख्ख्या गावाला बोलावलं होतं. ग्रीस लागेल म्हणून मी पाना दोन बोटांत धरलेला. तुम्ही ओरडलात, "अगं, मळू दे की हात! साबण कशाला असतो?"

दहावीनंतर मी पॉलिटेक्निकचं नाव काढलं, तेव्हा आबांनी "पोरीच्या जातीला कारखान्यात काय काम हाय?" म्हणून विषयच संपवला. तुम्ही घरी आलात. आईच्या हातची भाकरी खाल्लीत आणि मग गोठ्यात आबांजवळ जाऊन बसलात. मी चुलीपाशी कान देऊन बसले आहे, पण म्हशीच्या साखळीचा आवाज तेवढा येतो. तुम्ही गेल्यावर आबा आत आले, पाय धुतले आणि म्हणाले, "जा. शीक जा." पुढे त्यांनी त्यावर एक शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही. आता तुम्हीही नाही आणि आबाही नाहीत.

गेल्या वर्षी कुरुंदवाडच्या पुढे एका गावात दहावीतली एक मुलगी पंपापाशी आली आणि दिवसभर तिथून हललीच नाही. बाकीची पोरं जेवायला गेली, तेव्हा तिनं पंप एकटीनं जोडला. पाणी आलं नाही. तिनं तो परत खोलला, आतली चकती उलटी बसली होती ती फिरवली, आणि पाण्याची धार थेट आमच्या अंगावर. "म्याडम, हे शिकायला कुठं जावं लागतंय?" मी सांगितलं. त्यानंतर तिच्या वडिलांना भेटायला मी दोनदा त्या गावी गेले. पगार सांगितला, वसतिगृह सांगितलं, माझं स्वतःचं उदाहरण दिलं. त्यांनी चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकलं. "म्याडम, तुमचं खोटं न्हाय. पर पोरगी लांब धाडायची न्हाय, ठरलंय आमचं." दोन्ही वेळा मी चहाचा कप खाली ठेवून उठले. ती जवळच्या कॉलेजात आर्ट्‌सला गेली.

या रविवारी आम्ही पुन्हा त्याच शाळेत होतो. ती आली, धाकट्या बहिणीचा हात धरून. "तुला वेळ मिळाला होय?" मी विचारलं. "हिच्यासाठी आलो," ती म्हणाली. पंपाकडे तिनं पाहिलंही नाही. बहिणीला पुढे ढकललं आणि स्वतः भिंतीशी जाऊन उभी राहिली. मी पाना पुढे केला, तर मान हलवली. "नको म्याडम. हिला शिकवा." बहीण आठवीत आहे, चुणचुणीत आहे. निघताना थोरली हळूच म्हणाली, "हिच्या वेळंला जरा लवकर या घरी."

बाई, आबांना तुम्ही पटवलंत, की दटावलंत, की नुसत्या शेजारी बसून राहिलात? मला ते ठाऊक असतं, तर ती मुलगी कदाचित आज भिंतीशी उभी नसती. कदाचित असतीही. हे लिहून मी कपाटात ठेवणार, दुसरं करणार तरी काय. येईन म्हणून मी तिला सांगून आले आहे. खरं सांगू? त्या घराची पायरी चढायची मला भीती वाटते.