लुंबिनीहून काय आणलं?

नाशिक रोड,
ता. ११ डिसेंबर १९८२

आदरणीय आक्का,

तुला आणि कारभारी दाजींना पुंजारामचा व लताचा सविनय जयभीम. इकडे आम्ही खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला (म्हणजे विडी) कमी झाला का? चांदवडला थंडी पडली असेल. पहाटे मळ्यात अनवाणी जाऊ नकोस. मी सांगून तू ऐकणार नाहीस, पण धाकट्या भावानं असं लिहायचं असतं म्हणून लिहितो. माझ्या तीन पत्रांना तुझं उत्तर नाही, आणि एस.टी.च्या टपावरून दरवर्षी येणारी तुझी कांद्याची गोण यंदा पहिल्यांदाच आली नाही. (लता म्हणते, साधा राग असता तर गोण आली असती, फक्त आत बारके कांदे असते. गोणच नाही म्हणजे राग मोठा आहे.) राग कशाचा ते आम्हाला माहीत आहे. धम्मचक्र दिनाला आली होतीस तेव्हा उंबऱ्यात उभी राहून तू म्हणालीस, की परमुलखातलं, ना रक्ताचं ना नात्याचं पोर घरात आणलंस तर मला बहीण म्हणू नकोस. तेव्हा या पत्रात मी तुझ्याकडे काहीही मागणार नाही. प्रवास कसा झाला तेवढं कळवतो, कारण तो कळवण्यासारखा झाला.

टेकबहादूर तुला आठवत असेल. आमच्या कॉलनीचा गुरखा. तुझी पत्र्याची पेटी स्टँडपासून डोक्यावरून आणून देताना 'दीदी, इसमें पत्थर है क्या' म्हणून ज्यानं विचारलं होतं, तोच. सहा वर्षं तो रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर चहा प्यायला, आणि शेवटची चार वर्षं रोज एकच फोटो दाखवायचा. फोटोत दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी असे, ती त्याची मुलगी. तिची आई बाळंतपणातच गेलेली. मागच्या पावसाळ्यात टेकबहादूर काविळीनं गेला, आणि दोन महिन्यांनी त्याच्या म्हाताऱ्या मावशीचं पत्र आलं, गावच्या मास्तरांकडून हिंदीत लिहवून घेतलेलं. माझे हात थरथरतात, पोर चार वर्षांची आहे, टेकबहादूर सांगायचा की नाशिकच्या साहेबांना मूल नाही. एवढंच होतं त्यात. तिसऱ्या दिवशी लतानं लोकर आणून स्वेटर विणायला घेतला, आणि निर्णय झालेला आहे हे मला कळलं.

कॉलनीत मात्र आम्ही लुंबिनीच्या दर्शनाला जातो असं सांगितलं. खोटं नव्हतं, लुंबिनी त्याच वाटेवर आहे. खरं का सांगितलं नाही ते फक्त तुला लिहितो. पोर आमच्याकडे आलीच नाही तर? चौदा वर्षं बायका लताकडे कसल्या नजरेनं पाहत आल्या ते तुला ठाऊक आहे. पोर आणायला गेले आणि रिकामे परतले, हे तिला सोसलं नसतं. मलाही नसतं. पण लुंबिनीचं नाव काढल्याबरोबर विहारात आमचा सत्कारच ठरला! झेंडूचे हार, दोन भाषणं, एक गीत. शेजारच्या सगुणाबाईंनी तिथली माती आणायला पितळी डबा दिला, कुणी पिंपळाचं पान सांगितलं, कुणी तळ्याचं पाणी. मी हार घालून खाली मान घालून बसलो होतो, ते सगळ्यांना विनय वाटलं.

परदेश म्हणून मी जय्यत तयारी केली होती. कॉलऱ्याची सुई टोचून घेतली, बारा फोटो काढले, रहिवासाचा दाखला, चारित्र्याचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, सगळं एका फायलीत लावलं. तू जाणतेस, मी आवक-जावक टेबलावरचा कारकून. शिक्क्याशिवाय काही इकडचं तिकडे जातं हे मला पटत नाही. तीन गाड्या बदलत गोरखपूर, तिथून छोट्या गाडीनं नौतनवा, तिथून टांग्यानं सोनौली. आणि सोनौलीला काय, तर एक आडवा बांबू, तोही वर उचललेला! बांबूखालून शेळ्या चालल्या होत्या, त्यांच्या मागून आम्ही गेलो. पन्नास पावलांवर लतानं विचारलं, परदेश कधी येणार? मी चौकशी केली तर तो आलेला होता. मग मी एकटाच मागं गेलो आणि शिपायासमोर फाईल उघडून उभा राहिलो. त्याला वाटलं मी तक्रार घेऊन आलोय. अखेर माझ्या समाधानासाठी त्यानं एका कागदावर सही ठोकली. तो कागद लताच्या स्वेटरच्या विणीचा होता हे नंतर दिसलं.

आता मुख्य प्रसंग. मास्तर बुटवलच्या स्टँडवर घ्यायला येणार होते, ते दिसले नाहीत, म्हणून आम्हीच विचारत विचारत डोंगर चढू लागलो. गावाच्या अलीकडे पाण्याच्या धारेपाशी चारेक वर्षांची गुबगुबीत पोर खेळत होती. मी लताला म्हटलं, ही बघ! डोळे हुबेहूब टेकबहादूरचे, उभं राहायची ढबसुद्धा तीच. लता तिथेच खाली बसली आणि आधी मनसोक्त रडली. मग तिनं पोरीला स्वेटर घातला, टोपी घातली, बांगड्या भरल्या, बाहुली दिली, डब्यातले रव्याचे लाडू भरवले. पोरगी शहाणी होती, एका शब्दानं नाही म्हणाली नाही. तिला कडेवर घेऊन मी वरातीच्या थाटात गावात शिरलो, तोच समोरून मास्तर धावत आले. त्यांची बुटवलची गाडी चुकली होती. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि अतिशय नम्रपणे विचारलं, की आपण माझ्या नातीला कुठे घेऊन चालला आहात?

(दिलेलं परत कसं घ्यायचं? मी बाहुलीला नुसता हात लावला तर पोरीनं असा टाहो फोडला की दोन म्हाताऱ्या विळे घेऊन बाहेर आल्या.)

खरी पोर माळ्यावर होती. मक्याच्या कणसांच्या ढिगामागून तिचे फक्त दोन डोळे दिसत होते. (टेकबहादूरसारखे अजिबात नाहीत.) म्हातारीनं हाका मारल्या, मास्तरांनी हाका मारल्या. आमच्याकडे द्यायला आता काहीच नव्हतं, म्हणून मी मांजराचा, बकरीचा आणि शेवटी नाशिक रोडला येणाऱ्या इंजिनाचा आवाज काढून दाखवला. त्यावर वरून एक कणीस आलं, ते नेमकं माझ्या कपाळावर बसलं. तास गेला. लता दारात बसून होती, आता रडतही नव्हती. आक्का, तिचा तो चेहरा मला बघवेना. मला वाटलं, संपलं. धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, असू दे, इथवर आलो, तेवढाच प्रवास घडला.

तेवढ्यानं लताचा भडका उडाला. "प्रवास घडला? डोळे टेकबहादूरचे म्हणे! स्वतःचा चष्मा कपाळावर असताना घरभर शोधता, आणि डोळे ओळखायला निघालात! मागल्या साली सिन्नरला भलत्याच्याच लग्नात जेवून आलात, आहेर देऊन!" मीही माणूस आहे. मी म्हटलं, लाडू तू भरवलेस, मी नाही. ती म्हणाली, धरलं कुणी होतं? असं सुरू झालं, आणि थोड्या वेळानं माळा करकरला. शिडीवर एक पाऊल दिसलं. मी गप्प झालो, तसं पाऊल वर गेलं. मास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, थांबू नका, भांडा.

आक्का, आमच्या संसारात इतकं जीव तोडून आम्ही कधी भांडलो नव्हतो. पंधरा मिनिटांत चालू वर्षाच्या तक्रारी संपल्या. मग मागं मागं जात १९६८ साल आलं, आणि दाजींनी लग्नात दिलेलं घड्याळ हरवलं नव्हतं, मीच पोहायला उतरताना विहिरीत पाडलं होतं, हे मला कबूल करावं लागलं. (हे दाजींना सांगू नकोस.) पोर एकेक पायरी उतरली, आधी भिंतीशी उभी राहिली, मग लताच्या शेजारी बसली, मग तिचा पदर मुठीत धरला. लताचा आवाज फाटला होता, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी ती मला बोलतच होती. आणि पोरीनं माझ्या कपाळावरच्या टेंगळाकडे बोट केलं आणि खदखदून हसली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी प्रधानपंचांनी, म्हणजे तिथल्या सरपंचांनी, कागद करून दिला (खऱ्या शिक्क्याचा!). निघताना म्हातारीनं पोरीच्या ओंजळीत भाजलेला मका घातला आणि आत गेली. ती पुन्हा बाहेर आली नाही. आली असती तर पोर उचलायची हिंमत मला झाली नसती. वाटेत लुंबिनीला थांबलो. पोर माझ्या खांद्यावर झोपली होती, तिचा श्वास मानेला लागत होता, आणि मी एका हातानं सगुणाबाईंच्या डब्यात माती भरत होतो. एवढं सुख मला कधी झालं नव्हतं. मग पुन्हा तो बांबू आला. जाताना मला कुणी विचारत नव्हतं याचं दुःख होतं, आता येताना कुणी विचारेल याची धास्ती. मी कागद हातात धरून मनात पंचशील म्हणत चाललो (खोटं न बोलण्यापाशी जरा अडखळलो). तोच शिपाई पुढे आला, पोरीकडे वाकून पाहिलं आणि म्हणाला, बच्ची को टोपी पहनाओ, हवा ठंडी है. टोपी मास्तरांच्या नातीच्या डोक्यावर होती, मी माझा रुमाल बांधला.

कॉलनीत सगळे वाटच पाहत होते. रेल्वेत दोन दिवस मी उत्तरं पाठ केली होती: कुणाची, कुठली, कोणत्या जातीची, मुलगा का नाही. सगुणाबाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "काय आनलं लुंबिनीहून?" लतानं पोरीला पुढे केलं. सगुणाबाईंनी तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "लय वाळेल हाये हे पोर. उभ्या काय ऱ्हायल्या, पानी तापवा!" झालं. माझ्या एकाही उत्तराला गिऱ्हाईक मिळालं नाही. दोन दिवस तर मातीचा डबाही कुणी मागितला नाही.

असो. पोर जेवते, झोपते, लताला आमा म्हणते, मला अजून नुसतं 'ओ' म्हणते. बाकी विशेष काही नाही. मागणं काही नाही हे वर लिहिलंच आहे. पोरांना आशीर्वाद, आणि तुझ्या गुडघ्याला शेक दे.

तुझा,
पुंजाराम

ता. क. १: एक बारीकसं राहिलं. पोरीला नाव नाही. गावात तिला कांछी म्हणत, म्हणजे नुसतं धाकटी. टेकबहादूरही तेच म्हणायचा. खरं नाव म्हातारीला आठवेना. रविवारी १९ तारखेला विहारात नामकरण आहे. नाव आत्यानं कानात सांगायचं असतं, आणि तिला आत्या एकच आहे. लता तीन नावं घेऊन बसली होती, मी तिला गप्प केलं. चांदवडहून सकाळी सातची गाडी आहे.

ता. क. २: वाद घालायला लिहीत नाही, आठवलं म्हणून लिहितो. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि तुझ्या लग्नाला सहा महिने झाले होते. तू मला घेऊन सासरी गेलीस तेव्हा मी कणगीमागे लपलो होतो, आणि ओढायला आलेल्या दाजींच्या हाताला चावलो होतो. माझं न् दाजींचं रक्त कुठे एक होतं? पण सासूबाईंनी हे कुणाचं पोर म्हणून विचारलं, तर तुझ्याआधी तेच म्हणाले, आपलंच.

ता. क. ३: इथे एक पंचाईत झाली आहे. येणारा-जाणारा जो तो पोरीला नाव विचारतो. लता दर वेळी सांगते, आत्या येणार आहे, ती सांगेल. पोरीला अजून मराठी येत नाही, पण ऐकून ऐकून तिनं तेवढं पाठ केलंय. काल दूधवाल्यानं विचारलं, काय गं, नाव काय तुझं? तर लतानं तोंड उघडायच्या आत पोर पुढे झाली आणि ठसक्यात म्हणाली, "आत्या येनार."