प्रस्थानाचं गाठोडं

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची लेकरंही आता म्हातारी झाली असतील. तरी हे तुम्हालाच सांगायचं आहे. घरातले दुपारचे आडवे झालेत आणि माझ्या पोटात गोष्ट मावत नाही. बोलताना मले-तुले, लिहिताना मला-तुला, हे तुम्हीच छडी आपटून घोकवलं. दुसरीपर्यंतच शिकले, पण तेवढं टिकलं. अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, ते सोसा.

उंद्रीच्या शाळेत आम्ही पाच पोरी भिंतीकडेच्या रांगेत बसायचो. तुम्ही मला रांगेची म्होरकी केलं. मग एक दिवस घोड्यावरून तपासणीचे साहेब आले. ते कोणालाही काही विचारोत, उत्तर मी देते. पाढे माझे, नद्या माझ्या, कविता माझी. साहेब हसले, मी फुगले. ते गेल्यावर तुम्ही मला बोलावलं. मला वाटलं, आता बत्तासा मिळणार. तुम्ही म्हणालात, "पोरी, तुले रांगेची म्होरकी केलं होतं, रांगेची जीभ नाही." त्या चौघींना साहेबापुढं तोंड उघडायची एकच वेळ होती आणि ती मी खाल्ली होती. पण तेव्हा मला हे कुठं कळतंय? मला नुसता राग आला. तो राग मी जन्मभर जपला आणि वागलेही तशीच. सासरी, माहेरी, जिथं गेले तिथं सगळ्यांच्या वाटचं मीच बोलले. या फाल्गुनात एका सोमवारी तो राग उतरला.

माझी नात यंदा मॅट्रिकला बसली, मास्तर! इथं मलकापुरात तिच्या वर्गात पोरी दोनच, त्यातली एक लग्न होऊन गेली. हिच्या बापानं, म्हणजे माझ्याच दिवट्यानं, सांगून ठेवलेलं, "यंदा परीक्षा झाली तं झाली, नाही तं वैशाखात हिले उजवून टाकतो." हिनं काय करावं? रडावं? हिनं वर्गातली खेड्यांवरची चार पोरं गोळा केली आणि माझ्या ओसरीवर शाळा मांडली. ज्याला जे येतं ते त्यानं बाकीच्यांना शिकवायचं. गल्लीतल्या बाया नाक मुरडायला आल्या. "चार पोरांत एक पोरगी, बाई?" मी म्हटलं, "मी बसली आहे ना मधात खांबासारखी. तुम्हाले बसायचं असंन तं या, पाढे म्हणा." परत कोणी आलं नाही.

त्यात बीबी गावाकडचा एक लांबुळका पोरगा. गणितात वाघ, पण परीक्षा जवळ आली तसं त्याचं जेवण तुटलं. "मी नाही बसत, आजी. मले सारं इसरल्यावानी होते." मी माझ्या परीनं धीर दिला. "काऊन बे? परीक्षेत काय वाघ सुटते का? नापास झाला तं कोणी फाशी देत नाही, पन न बसता घरी गेला तं मी येऊन हाणीन." तो आणखीच पांढरा पडला. नात उठली. वही घेऊन त्याच्यापुढं बसली. "हे मले समजत नाही, सांगतो का?" तो सांगायला लागला, आणि सांगता सांगता समोरची भाकर खाऊन बसला. हिला ते आधीच येत होतं, मास्तर! मी रोज ऐकत होते ना!

परीक्षा अकोल्याला, मंगळवारपासून. गाडी सोमवारी सकाळची. आणि अकोला पूर्वेला. सोमवारी पूर्वेला निघणं म्हणजे दिशाशूल, अपशकुन, हे कोणीही सांगेल. म्हणून मी रविवारीच प्रस्थान ठेवलं, पूर्वेकडच्या शेजारणीच्या घरी, म्हणजे निघणं रविवारचंच धरलं जातं. लोक प्रस्थानाला तांदूळ, सुपारी, एखादं धडुतं ठेवतात. मला जास्त अक्कल. म्हटलं, परीक्षेला जाते ती चिठ्ठी, मग चिठ्ठीच आधी घराबाहेर पडू द्या. पाचही जणांच्या परीक्षेला बसायच्या नंबराच्या चिठ्ठ्या एका फडक्यात बांधल्या आणि दिल्या ठेवून. प्रस्थान घरात परत आणायचं नसतं, निघताना उचलायचं असतं.

सोमवारी आम्ही निघतो, तर शेजारणीच्या दाराला हे एवढं कुलूप! नांदुऱ्याला लेकीचे दिवस भरलेले, निरोप आला, पहाटेच बैलांच्या दमणीत बसून गेली. बाळंतपणाला कुठलं आलं दिशाशूल? पाच पोरं माझ्या तोंडाकडं पाहतात. वैशाख मला तिथंच, कुलपापाशी उभा दिसला. मी घरातून मुसळ आणलं. "सरका! तोडते मी!"

"आजी, थांब," नात म्हणते. आवाज चढवत नाही. "एकानं ठेसनावर पळा. आपले सर तिथं असतीन, त्याहिले सांगा, आम्ही आलोच. तू खाली वाक. तू त्याले धर." आणि पदर खोचून त्या लांबुळक्याच्या पाठीवर पाय देऊन चढली की छपरावर! चार कवेलू काढले आणि आत उतरली. मी मुसळ घेऊन उभी. जन्मात पहिल्यांदा मला काही काम नव्हतं.

गाठोडं बाहेर आलं. मी ओरडले, "पळा आता!" तर ही परत छपरावर, कवेलू बसवते आहे. पोरं म्हणतात, "राहू दे न, गाडी जाईन!" ही म्हणते, "मावशीच्या घराले भगदाड ठेवून जाऊ का? दे तो कवेलू." एक वर देतो, दुसरा मोजतो, लांबुळका खाली खांबासारखा घट्ट उभा. मी एक शब्द बोलले नाही. तुमची शपथ, नाही बोलले! मग जे पळाले ते! मी मागं मागं, धापा टाकत. ठेसनावर पोचले तेव्हा गाडी हललेली होती. खिडकीत डोकी मोजली. पाच!

पाचही जण सगळ्या पेपरांना बसले. निकाल जेव्हा लागेल तेव्हा लागेल. बाप आता वैशाखाचं नाव काढत नाही, निकाल कधी म्हणून पोरीलाच विचारतो.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या गावाला टपाल जात नाही. पेटीत राहील. एक मात्र कबूल करते, कोणाला सांगितलं नाही. पोरांनी आणलेल्या पेपरात एक हौदाचं गणित आहे. दोन नळ भरतात, एक रिकामा करतो. तो तिसरा नळ बंद करायची कोणाला अक्कल नव्हती का, देव जाणे. पण नातीकडून ते वाचून घेतलं आणि पाटीवर सोडवून पाहिलं. चार दुपारी गेल्या. उत्तर आलं आहे. बरोबर की चूक, ते नातीला विचारलं की झालं. पाटी उतरंडीमागं लपवून ठेवली आहे, मास्तर. विचारायचं भेव वाटते.