काचेवरचा पापड आणि गुलाबपाणी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुमच्यावर रागावलो तरी कुणी मला वाईट म्हणणार नाही.

केडगावच्या तुमच्या स्वयंपाकघरात मी उभा आहे. तुम्ही पातेल्यातलं चिकट द्रावण काचेवर ओतताय, पापडासारखं पातळ. गोठवून वितळवलं की त्याची लवचिक जेलीसारखी फिल्म होते, म्हणून फ्रीजचा बर्फाचा कप्पा तुमच्या ताब्यात. "दुधाला जागा न्हाई, सरांच्या पापडाला हाय," काकू ऐकवायच्या, पण मला. फोडणीचं तेल त्यांच्या मनगटावर उडालं तेव्हा तुम्ही तीच ओली फिल्म भाजल्या जागेवर ठेवलीत, आणि आगीबरोबर काकूही गार झाल्या. दवाखान्यांसाठी हे पुढे करू म्हणालात. आधी कांदा साठवायची चाळ. वाळवलेली फिल्म हवेतला ओलावा पिते, तिच्यातून वीज वाहते, मीटरचा काटा हलतो. कांदा सडायच्या आत कळेल.

त्यासाठी तुम्हाला कॉलेजची मागची खोली हवी होती. ती द्यायची की नाही, हे संस्थेचे अध्यक्ष प्रात्यक्षिक पाहून ठरवणार होते. अध्यक्ष येणार म्हणजे सत्कार आलाच. शाल झाली, नारळ झाला, अत्तर झालं, आणि प्राचार्यांनी गुलाबदाणी इतक्या भक्तीने झटकली की अर्धं गुलाबपाणी टेबलावरच्या फिल्मवर. काटा टोकाला जाऊन चिकटला. अख्ख्या सभागृहात खरं बोलणारी ती फिल्म एकटीच.

अध्यक्ष म्हणाले, "सर, तुमचं यंत्र आमच्या स्वागतालाच घाबरलं की." सगळे हसले. पाणी पडलं, यंत्राने ते दाखवलं, एवढंच तुम्ही म्हणायचं होतं. तुम्ही हात जोडलेत. "चूक माझी, साहेब. काच झाकायला हवी होती."

त्या खोलीत सत्काराच्या खुर्च्या ठेवल्या गेल्या. काकूंच्या दुधाला जागा झाली. त्या जोडलेल्या हातांचा मला अजून संताप येतो. निरीक्षण जसं आहे तसं लिहा, हे वर्गात तुम्हीच बजावायचात ना? त्या एका वाक्यावर मी आयुष्यभर अध्यक्ष लोकांची लेखांतून टर उडवून पोट भरलं. हा किस्सा तेवढा राहिला होता. यंदा छापणार होतो.

पण मुलगी त्याच संस्थेत तासिका तत्त्वावर लागलीय. अध्यक्षपदी आता अध्यक्षांचेच चिरंजीव. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, जूनमध्ये परत घेतील की नाही ते त्यांच्याच हातात आहे. तुम्ही काही लिहू नका हं."

तेव्हा हे तुमच्यापर्यंत जाणार नाहीच, छापखान्यातही जाणार नाही. आणि सर, "नाही लिहीत" म्हणताना माझ्या हातातला घाससुद्धा थांबला नाही.